पोटाची दुर्बीण : भीती आणि वस्तुस्थिती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आरोग्यविषयक विचार मांडण्याची संधी मला दिली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. प्रारंभीच स्पष्ट करतो की मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर नाशिकच्या बाजारपेठेत कापडाचा व्यवसाय केलेला मी एक साधा व्यापारी आहे. तरीही 'पोटाची दुर्बिणीतून तपासणी', म्हणजे डॉक्टर जिला एन्डोस्कोपी म्हणतात तो विषय मी आज जाणीवपूर्वक निवडला आहे. आपल्या समाजात पोटाच्या तक्रारी नाहीत असे घर सापडणे कठीण, आणि दुर्बिणीचे नाव काढताच घाबरत नाही असा माणूस सापडणे त्याहून कठीण. जी गोष्ट प्राण वाचवू शकते तिच्याविषयीच आपण सर्वाधिक अज्ञान बाळगावे, हे योग्य नव्हे.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. थानाची वरची घडी पाहून माल घ्यायचा नाही. थान उलगडायचे, उजेडासमोर धरायचे आणि मग बोलायचे. पचनमार्गाच्या आतील नाजूक आवरणाला मराठी वैद्यकीय पुस्तकांतही 'अस्तर' हाच शब्द वापरतात, हे वाचले तेव्हा मला मौज वाटली. ओठांपासून गुदद्वारापर्यंत हे अस्तर सलग पसरलेले आहे. अल्सर, सूज, रक्तस्राव, कर्करोगाची सुरुवात यांपैकी बहुतेक गोष्टी प्रथम या अस्तरावर घडतात. बाहेरून पोट दाबून त्या कळत नाहीत. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड चांगले दिसतात. परंतु पोकळ जठराचे व आतड्याचे अस्तर त्यात नीट दिसत नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे पोटात काही नाही," असे आपण सहज म्हणतो. ते अर्धसत्य आहे.

रेशमी धागा आणि पोटाची खिडकी

जिवंत माणसाच्या पोटात डोकावण्याची इच्छा फार जुनी आहे. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका गरीब तरुण कामगाराला जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम ब्युमाँट या लष्करी डॉक्टरांनी त्याला वाचविले. परंतु जखम भरताना जठराला बाहेरून एक छिद्र कायमचे राहून गेले. डॉक्टरांनी त्या छिद्रातून अन्नाचे तुकडे रेशमी धाग्याला बांधून आत सोडावेत, ठरावीक वेळाने बाहेर ओढावेत आणि किती पचले ते लिहून ठेवावे, असे प्रयोग अनेक वर्षे केले. १८३३ साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पचन ही केवळ घुसळण नसून जठरातील आम्लरसाची रासायनिक क्रिया आहे, हे त्यातून ठामपणे पुढे आले. राग वा ताप आला असता अस्तराचे रूप पालटते, हेही त्यांनी पाहिले. मात्र त्या गरीब माणसाच्या वाट्याला आलेले कष्ट विसरून चालणार नाही. विज्ञानाची पुढची वाटचाल म्हणजे, जखम न करता हीच खिडकी कशी उघडता येईल, याचा शोध होय.

१८६८ च्या सुमारास जर्मनीत कुसमाउल या डॉक्टरांनी एका तलवार गिळणाऱ्या खेळकऱ्याच्या घशातून धातूची सरळ नळी जठरापर्यंत नेऊन दाखविली. आपल्याकडील जत्रांतून असे खेळ वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असतील. परंतु तलवार गिळण्याची विद्या सामान्य रुग्णास कोठून असणार? शिवाय आत अंधार होता. १९३२ साली रुडॉल्फ शिंडलर यांनी काहीशी वाकणारी, भिंगांची मालिका असलेली दुर्बीण तयार केली. ती त्या काळी मोठी प्रगती ठरली, तरी जठराचे काही कोपरे तिला दिसत नसत.

वाकणारा उजेड

खरी अडचण अशी होती की प्रकाश सरळ रेषेत जातो आणि आपला पचनमार्ग मात्र वळणावळणांचा आहे. ही अडचण दूर करण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे, याचा आपणां सर्वांस अभिमान वाटावा. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदर सिंग कपानी हे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत संशोधन करीत होते. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेता येते, आणि जुडगा वाकविला तरी ते चित्र पोहोचते, हे त्या दोघांनी १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले. तंतूच्या आतील भिंतींवर प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित होत पुढे सरकतो, हे त्यामागचे तत्त्व.

त्यातील मर्म मला येवल्याच्या मागावरून अधिक चांगले समजले. पैठणीच्या ताण्याचे हजारो धागे फणीतून जसे ठरलेल्या क्रमानेच जातात, तसेच हे काचेचे तंतू दोन्ही टोकांना नेमक्या एकाच क्रमाने मांडावे लागतात. क्रम बिघडला तर उजेड पोहोचेल, परंतु चित्र विस्कटेल. कपानी यांचे डिसेंबर २०२० मध्ये निधन झाले आणि २०२१ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण सन्मान दिला. पोटाच्या दुर्बिणीने आज कोट्यवधी रुग्णांची सेवा होते. तिच्या मुळाशी असलेल्या एका प्रमुख नावाची ओळख मात्र आपल्यातील फार थोड्यांना आहे.

१९५७ साली बेसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत काचतंतूंची पहिली लवचीक जठर-दुर्बीण तयार केली आणि रुग्णाला देण्यापूर्वी ती प्रथम स्वतःच्या घशातून आत घालून पाहिली. पुढे १९८३ च्या सुमारास काचतंतूंच्या जागी दुर्बिणीच्या टोकाशी लहानसा कॅमेरा बसविण्यात आला. पूर्वी एकट्या डॉक्टरांनी एका डोळ्याने पाहायचे. आता पडद्यावर सर्वांना दिसते, छायाचित्र निघते आणि अहवालासोबत आपल्या हातात येते.

मिसळ, चिंता आणि जंतू

या दुर्बिणीने वैद्यकशास्त्रातील एक मोठा गैरसमजही दूर केला. जठरातील व्रण, म्हणजे अल्सर, हा तिखट खाण्याने आणि चिंतेने होतो, असे साऱ्या जगाचे मत होते. आपल्या नाशिकमध्ये तर दोष द्यायला मिसळ हाताशी असतेच. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल या दोघा डॉक्टरांना मात्र दुर्बिणीतून काढलेल्या जठराच्या तुकड्यांत वळणदार आकाराचे जंतू वारंवार दिसत होते. १९८२ साली त्यांनी ते प्रयोगशाळेत वाढविले. जठराच्या तीव्र आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, असे म्हणून तज्ज्ञ त्यांचे ऐकेनात. अखेर १९८४ साली मार्शल यांनी स्वतःची दुर्बीण-तपासणी करून घेतली, जठर निरोगी असल्याची खात्री केली आणि त्या जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. थोड्याच दिवसांत त्यांना त्रास सुरू झाला. पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा त्यांच्या जठराला सूज आलेली होती आणि जंतू तेथे ठाण मांडून बसले होते. या दोघांना २००५ सालचा नोबेल पुरस्कार मिळाला.

याचा आपल्या दृष्टीने अर्थ काय? 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या नावाचा हा जंतू भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्याला अल्सर आहे त्याच्या जठराचा सूक्ष्म तुकडा दुर्बिणीतून काढून जंतू तपासता येतो. श्वासाची वा शौचाची चाचणी करूनही तो ओळखता येतो. तो सापडला तर साधारणतः दोन आठवड्यांच्या औषधांनी जातो, आणि वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा होणारा अल्सर बरा होतो. म्हणून मिसळ सर्वस्वी निर्दोष सुटली असे नव्हे. तिखटाने जळजळ वाढते. परंतु जंतूचे काम मिसळीच्या माथी मारून वर्षानुवर्षे गोळ्या घेत राहणे, हा उपचार नव्हे.

अल्सरचे दुसरे मोठे कारण आपल्या सर्वांच्या घरात, औषधांच्या डब्यात असते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या गोळ्या. दिवसभर दुकानात उभे राहून गुडघे दुखतात, म्हणून आम्ही व्यापारी त्या चण्याफुटाण्यांसारख्या खातो. यांनी अस्तराचे संरक्षण कमी होते आणि कित्येकदा काहीही न दुखता एकदम रक्तस्राव होतो.

तपासणी प्रत्यक्ष कशी होते?

भीती बहुधा अज्ञानातून येते, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगतो. मी स्वतः ही तपासणी करून घेतली आहे.

वरची दुर्बीण, म्हणजे गॅस्ट्रोस्कोपी, ही सुमारे एक मीटर लांबीची व करंगळीएवढ्या जाडीची लवचीक नळी असते. तिच्या टोकाशी दिवा व कॅमेरा असतो, हवा-पाण्यासाठी एक बारीक मार्ग असतो आणि अवजारे आत नेण्यासाठी दुसरा मार्ग असतो. डॉक्टरांच्या हातातील दोन चाके फिरविली की टोक वर-खाली व डावी-उजवीकडे वळते. साधारण सहा ते आठ तास पोट रिकामे ठेवतात. घशात बधिरतेचा फवारा मारतात. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये एक प्लास्टिकचे कडे ठेवतात. हवे असल्यास शिरेतून गुंगीचे औषध देतात. नळी घशाखाली उतरताना काही क्षण उमासे येतात, हे खरे आहे. परंतु लक्षात ठेवावे की ती अन्नमार्गात जाते, श्वासमार्गात नव्हे. श्वास चालूच राहतो. जीव गुदमरेल, ही सर्वांत मोठी भीती निराधार आहे. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग पाहून बहुधा पाच-दहा मिनिटांत सर्व आटोपते. अस्तराचा तुकडा काढला तर तेही दुखत नाही, कारण अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. गुंगी घेतली असल्यास त्या दिवशी वाहन चालवू नये. व्यापारी बंधूंनी चेकवर सह्याही करू नयेत.

खालची दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी. ही नळी अधिक लांब असते आणि गुदद्वारातून सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे तपासते. येथे खरी कसोटी तपासणीची नसून पूर्वतयारीची असते. दोन-तीन दिवस बिया, साली व पालेभाज्या वर्ज्य करावयाच्या, आदल्या दिवशी पातळ आहार घ्यायचा आणि जुलाबाच्या पावडरीचे द्रावण प्यायचे. लाल रंगाचे सरबत घेऊ नये, कारण आत ते रक्तासारखे दिसते. आतडे स्वच्छ झाले नाही तर लहान गाठ मळाखाली दडून राहते. मळक्या काचेतून माल पाहण्यासारखे ते होईल.

या दोन दुर्बिणींच्या मध्ये लहान आतड्याचा कित्येक मीटरांचा प्रदेश उरतो. त्यासाठी २००१ पासून गिळावयाचा कॅमेरा उपलब्ध झाला. गॅव्हरियल इद्दान या इस्रायली अभियंत्याची ही कल्पना. सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची ती कॅप्सूल पाण्यासोबत गिळायची. सेकंदाला दोन छायाचित्रे या हिशेबाने आठ तासांत ५७,६०० छायाचित्रे कंबरेच्या पट्ट्यावरील यंत्रात जमा होतात आणि कॅप्सूल शौचावाटे निघून जाते. मात्र तिला तुकडा काढता येत नाही, रक्तस्राव थांबविता येत नाही. ती केवळ पाहते.

तूट भरली, पण हिशेब तपासला नाही

आमच्या परिचयाच्या एका पेढीवरील मुनीमजींची हकिकत सांगतो. वय अठ्ठावन्न, व्यसन कोणतेही नाही, आहार सात्त्विक. गोदामाचा जिना चढताना त्यांना धाप लागू लागली, चेहरा पांढुरका दिसू लागला. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सातच्या आसपास निघाले. लोहाच्या गोळ्या व टॉनिक सुरू झाले. रक्त थोडे वाढले, पुन्हा उतरले. पुन्हा गोळ्या. असे आठ महिने चालले. पोट दुखत नव्हते, शौचाला रक्त दिसत नव्हते, त्यामुळे पोटाकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "रक्त कमी होते हे कळले, पण ते जाते कोठे?" दोन्ही दुर्बिणी करण्यात आल्या. वरची स्वच्छ होती. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूस, अगदी सुरुवातीच्या भागात, एक गाठ निघाली. त्या भागात रक्त थेंबाथेंबाने झिरपते आणि मळात मिसळून जाते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. तपासणीत कर्करोग निघाला. परंतु तो आतड्याच्या बाहेर पसरलेला नव्हता. शस्त्रक्रिया झाली. त्याला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असून मुनीमजी आजही दिवाळीला चोपडीपूजनाला हजर असतात.

हा प्रसंग मला वाणिज्याच्या विद्यार्थ्याच्या नात्याने फार शिकवून गेला. गल्ल्यात दररोज तूट येत असेल आणि मालक घरून पैसे आणून ती भरत असेल, तर तो हिशेब झाला काय? तूट भरणे वेगळे आणि तूट कोठून येते हे शोधणे वेगळे. चाळिशी-पन्नाशीपुढील पुरुषाचे रक्त विनाकारण कमी होत असेल, किंवा पाळी थांबलेल्या भगिनीचे रक्त कमी होत असेल, तर लोहाची गोळी हे उत्तर नव्हे; तो प्रश्न आहे. आपल्या माता-भगिनींना तर "बायकांना अशक्तपणा असायचाच" असे म्हणून वर्षानुवर्षे परतवून लावले जाते. हे थांबले पाहिजे.

मूळव्याधीच्या बाबतीतही हेच घडते. शौचाला रक्त पडले की आपण मनाशीच निदान करतो, संकोचाने घरात सांगत नाही आणि मलम लावत राहतो. बहुतेकदा ती मूळव्याधच असते. परंतु मूळव्याध असणे ही आत दुसरे काही नसल्याची हमी नव्हे.

केवळ पाहणे नव्हे, उपचारही

मोठ्या आतड्यातील बहुसंख्य कर्करोग एकाएकी होत नाहीत. प्रथम अस्तरावर लहानशी मांसल गाठ येते. तिला पॉलिप म्हणतात. तिचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ जातो. म्हणजे निसर्ग आपणांस दीर्घ मुदतीची हुंडी देतो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. शिन्या व डॉ. वुल्फ यांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून अशी गाठ काढली. तेव्हापासून, रोग होण्यापूर्वीच त्याचे मूळ, पोट न फाडता, काढून टाकणे शक्य झाले. अमेरिकेत आता पंचेचाळीसाव्या वर्षापासून निरोगी माणसालाही आतड्याच्या तपासणीचा सल्ला देतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याची नाही. आपल्याकडे या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे त्याचे एक कारण. म्हणूनच ज्यांच्या घराण्यात हा रोग झाला आहे त्यांनी स्वतःहून डॉक्टरांशी बोलले पाहिजे.

पित्तनलिकेत अडकलेला खडा दुर्बिणीतून काढतात, त्या प्रक्रियेस ई.आर.सी.पी. म्हणतात. कावीळ झालेल्या रुग्णाच्या बंद नलिकेत नळी बसवितात. यकृताच्या रोगात अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांना रबराची कडी लावून रक्तस्राव थांबवितात. लहान मुलाने गिळलेले नाणे बाहेर काढतात. या शास्त्रात आपला देश मागे नाही. मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांना याच क्षेत्रातील कार्याबद्दल २०१३ साली पद्मश्री मिळाली, तर हैदराबादचे डॉ. नागेश्वर रेड्डी यांना २०२५ साली पद्मविभूषण सन्मान जाहीर झाला. आपल्या नाशिकमध्ये १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. पोटाच्या दुर्बिणीसाठी आता नाशिककरांना मुंबई गाठावी लागत नाही. शहरात या शाखेचे तज्ज्ञ आहेत.

उपवास, चौविहार आणि तपासणी

आपल्या समाजातील अनेकांच्या मनातील एका शंकेचा येथे उल्लेख करतो. "आमचा चौविहार आहे, मग तपासणी कशी करावी?" वरच्या दुर्बिणीसाठी तर चौविहार ही आयतीच तयारी आहे. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, म्हणजे सकाळच्या तपासणीस पोट आपोआप रिकामे. अडचण येते ती खालच्या दुर्बिणीच्या द्रावणाची. ते पुष्कळदा रात्री व पहाटे घेण्यास सांगतात. अशा वेळी वेळ ठरवितानाच डॉक्टरांना आपला नियम सांगावा आणि दुपारची वेळ मागावी. पहिला भाग आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी व दुसरा भाग सकाळी नवकारसीनंतर घेता येईल का, हे विचारावे. दुपारच्या तपासणीसाठी त्याच दिवशी सकाळी द्रावण घेण्याची पद्धत वैद्यकशास्त्राला मान्य आहे. मनात ठेवून अर्धवट द्रावण पिणे आणि तपासणी वाया घालविणे, हे मात्र कोणाच्याच हिताचे नाही.

तपश्चर्या करणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. उपवासात रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेऊ नये. डांबरासारखी काळी शौच होणे हे बहुधा वरच्या भागातील रक्तस्रावाचे लक्षण असते. पर्युषणाचे दिवस असले तरी अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यास एक तासही विलंब करू नये.

कोणी करावी, काय विचारावे?

मी दुर्बिणीचा प्रचारक नाही. तरुण माणसाला कधीमधी आम्लपित्त झाले, औषधाने बरे वाटले आणि अन्य कोणतेही लक्षण नसेल, तर सहसा दुर्बिणीची गरज पडत नाही. परंतु घास गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौच, रक्त कमी होणे, सतत उलट्या, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन, शौचाच्या सवयीत अलीकडे झालेला बदल, यांपैकी काही असेल तर "अ‍ॅसिडिटी आहे" असे म्हणून गोळीवर दिवस काढू नयेत. तंबाखू व गुटखा खाणाऱ्याला घास अडकू लागला तर ती धोक्याची घंटाच समजावी.

धोक्यांविषयीही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. केवळ पाहण्याच्या वरच्या तपासणीत गंभीर त्रास अत्यंत क्वचित होतो. खालच्या तपासणीत आतड्याला छिद्र पडण्याची शक्यता हजारात एखाद्यापेक्षाही कमी असते. मोठी गाठ काढताना ती वाढते. ई.आर.सी.पी. नंतर शंभरातील तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाची सूज येऊ शकते. म्हणून ती केवळ पाहण्यासाठी नव्हे, तर उपचाराची गरज असेल तेव्हाच करतात.

आपण व्यापारी मंडळी दोन रुपयांच्या फरकासाठी दहा प्रश्न विचारतो आणि डॉक्टरांसमोर मात्र मुके होतो. विचारावे : ही तपासणी कशासाठी? आज नाही केली तर काय होईल? गुंगी कोण देणार, आणि त्या वेळी लक्ष कोण ठेवणार? प्रत्येक रुग्णानंतर दुर्बीण जंतुविरहित कशी करता? तुकडा काढला तर त्याचा खर्च निराळा आहे काय? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. मधुमेहाच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगाव्यात. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ज्यांना खर्च झेपणार नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. पचनसंस्थेच्या ठरावीक उपचारांचा त्या योजनेत समावेश आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. तुकडा तपासणीला दिला असेल तर त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो, तो आणायला विसरू नये. "दुर्बीण झाली, बरे वाटले," म्हणून कित्येक जण तिकडे फिरकतच नाहीत. बिल्टी खिशात ठेवून माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात सोडून देण्यासारखेच ते आहे.

बंधू-भगिनींनो, माझे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे. अंदाजाने केलेला उपचार स्वस्त वाटतो, परंतु तो पुष्कळदा सर्वांत महाग पडतो. ज्येष्ठांनी आपल्या तक्रारी संकोच न करता घरात सांगाव्यात आणि तरुणांनी त्या "वयोमानाने होणारच" असे न म्हणता ऐकून घ्याव्यात. आपल्या ट्रस्टने आजवर आरोग्य शिबिरे घेतली आहेत. यापुढील शिबिरांत हिमोग्लोबिनची तपासणी आणि पन्नाशीपुढील सर्वांसाठी शौचातील गुप्त रक्ताची साधी, अल्पखर्चिक चाचणी यांचा समावेश व्हावा, आणि ज्यांच्यात दोष आढळेल त्यांना पुढील दुर्बीण-तपासणीपर्यंत हात धरून नेण्याची जबाबदारी आपल्या तरुण मंडळाने घ्यावी, अशी नम्र सूचना मी विश्वस्त मंडळासमोर ठेवतो. सुवर्णमहोत्सवी वर्षातील हे एक चिरस्थायी कार्य ठरेल, असा मला विश्वास वाटतो.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.